इमारत साहित्यातील ॲस्बेस्टॉस परीक्षणाचे गुणवत्ता नियंत्रण

इमारत साहित्यातील ॲस्बेस्टॉस परीक्षणाचे गुणवत्ता नियंत्रण म्हणजे छताचे पत्रे, पाईप, गिलावा, फरशा, उष्णतारोधक लेप इत्यादी साहित्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, असल्यास कोणत्या प्रकारचे व किती, याचा प्रयोगशाळेने दिलेला निष्कर्ष विश्वासार्ह राहावा यासाठी अवलंबिली जाणारी कार्यपद्धती होय. तिच्यात नमुना घेण्यापासून अहवाल देण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचा समावेश होतो. या परीक्षणात दोन प्रकारच्या चुका संभवतात. साहित्यात ॲस्बेस्टॉस असूनही ते न आढळल्यास कामगार व रहिवासी नकळत घातक तंतूंच्या संपर्कात येतात. नसताना ते आढळल्याचे कळविल्यास निष्कारण खर्च व भीती निर्माण होते. यांपैकी पहिली चूक अधिक गंभीर असून ती सहसा लवकर उघडकीस येत नाही, कारण ॲस्बेस्टॉसजन्य रोग संपर्कानंतर अनेकदा काही दशकांनी प्रकट होतात. त्यामुळे चुकीचे परिणाम दिसण्याची वाट न पाहता प्रयोगशाळेतच ती पकडणे, हा गुणवत्ता नियंत्रणाचा मुख्य हेतू आहे.

पार्श्वभूमी

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून तंतुमय स्वरूपात आढळणाऱ्या सहा सिलिकेट खनिजांचे व्यापारी नाव आहे. यांपैकी क्रायसोटाइल (पांढरे ॲस्बेस्टॉस) हे सर्पेंटाइन गटातील असून त्याचे तंतू कुरळे व लवचिक असतात. ॲमोसाइट (तपकिरी), क्रोसिडोलाइट (निळे), अँथोफिलाइट, ट्रेमोलाइट आणि ॲक्टिनोलाइट ही अँफिबोल गटातील खनिजे असून त्यांचे तंतू सरळ व ताठ असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या सर्व प्रकारांचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे त्यांच्याशी निगडित प्रमुख रोग आहेत.

भारतात ॲस्बेस्टॉसचा सर्वाधिक वापर सिमेंटच्या नालीदार पत्र्यांत झाला. या पत्र्यांत सिमेंटला बळकटी देण्यासाठी सुमारे दहा टक्क्यांच्या आसपास क्रायसोटाइल मिसळले जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण ग्रामीण भागात घरांची पडवी, जनावरांचे गोठे, कांदाचाळी व गोदामे यांच्या छपरासाठी असे ‘सिमेंटचे पत्रे’ वापरले जातात. लोखंडी पत्र्यापेक्षा ते कमी तापतात व गंजत नाहीत, हे त्यांच्या लोकप्रियतेचे कारण आहे. अखंड पत्र्यातील तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. मात्र पत्रा कापताना, छिद्र पाडताना, फोडताना किंवा तो जीर्ण झाल्यावर तंतू हवेत मिसळू शकतात.

बाजारात ॲस्बेस्टॉसऐवजी सेल्युलोज किंवा कृत्रिम तंतू वापरलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात. भारतीय मानक ब्युरोने ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्यांसाठी आयएस ४५९ हे मानक ठरविले असून ॲस्बेस्टॉसविरहित तंतुसिमेंट पत्र्यांसाठी आयएस १४८७१ हे वेगळे मानक आहे. छपरावर काही वर्षे राहिलेले हे दोन्ही पत्रे नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे १६ टक्के कुटुंबांच्या घरांचे छप्पर जस्त, धातू किंवा ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे असल्याचे नोंदले गेले. मात्र हे सर्व प्रकार एकाच वर्गात मोजले गेल्यामुळे त्यांतील ॲस्बेस्टॉसचा वाटा या आकड्यावरून कळत नाही. एखाद्या विशिष्ट पत्र्याबाबत खात्रीशीर उत्तर केवळ प्रयोगशाळेतील परीक्षणानेच मिळू शकते.

नमुना घेणे व त्याची ओळख

प्रयोगशाळा तिच्यापर्यंत पोहोचलेल्या तुकड्याचेच परीक्षण करते. तो तुकडा मूळ साहित्याचे योग्य प्रतिनिधित्व करीत नसेल, तर पुढील सर्व काळजी व्यर्थ ठरते. सिमेंटचा पत्रा बऱ्यापैकी एकजिनसी असल्याने त्याच्या तुटलेल्या कडेचा काही चौरस सेंटिमीटरचा तुकडा सहसा पुरेसा होतो. याउलट हाताने लावलेला गिलावा किंवा फवारलेला उष्णतारोधक लेप जागोजागी बदलत असतो. म्हणून अमेरिकेच्या शाळांसाठीच्या नियमांत अशा पृष्ठलेपाचे क्षेत्र १,००० चौरस फुटांपर्यंत असल्यास किमान तीन, ५,००० चौरस फुटांपर्यंत असल्यास पाच आणि त्याहून अधिक असल्यास सात नमुने घेण्याचे बंधन आहे. थरांनी बनलेल्या साहित्याचा नमुना पूर्ण जाडीचा घेतला जातो व प्रयोगशाळेत प्रत्येक थर स्वतंत्रपणे तपासला जातो.

नमुना घेताना जागा पाण्याने ओली करणे, प्रत्येक नमुन्यानंतर अवजार पुसून स्वच्छ करणे आणि नमुना दुहेरी पिशवीत बंद करणे आवश्यक असते. यामुळे नमुना घेणाऱ्याचे रक्षण होते, तसेच एका नमुन्यातील तंतू दुसऱ्यात जाण्याचा धोका टळतो.

प्रत्येक पिशवीवर एकमेव क्रमांक, दिनांक, इमारत, नेमकी जागा व नमुना घेणाऱ्याचे नाव नोंदले जाते. स्थळाची नोंद अपुरी राहिल्यास होणारा घोटाळा महाराष्ट्रातील उदाहरणाने स्पष्ट होतो. ‘कर्जत’ नावाची तालुक्याची ठिकाणे अहिल्यानगर व रायगड या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. शिवाय अहिल्यानगर जिल्ह्याच्या जुन्या कागदपत्रांत ‘अहमदनगर’ हे पूर्वीचे नाव आढळते. केवळ ‘कर्जत, शाळेचे छत’ एवढीच नोंद असलेल्या नमुन्याचा निष्कर्ष तांत्रिकदृष्ट्या अचूक असला, तरी तो भलत्याच इमारतीला लावला जाऊ शकतो. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे व केव्हा गेला, याची सलग नोंद ठेवणे हा म्हणूनच गुणवत्ता नियंत्रणाचा पहिला घटक मानला जातो.

ओळख पटविण्याच्या पद्धती

इमारत साहित्याच्या परीक्षणाची सर्वाधिक प्रचलित पद्धत ध्रुवित प्रकाश सूक्ष्मदर्शकाची आहे. प्रथम कमी विशालनाच्या द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण नमुना पाहून संशयित तंतू चिमट्याने वेगळे काढले जातात. त्यानंतर ते ज्ञात अपवर्तनांकाच्या द्रवात काचपट्टीवर ठेवून ध्रुवित प्रकाशात तपासले जातात. तंतूचे बाह्यरूप, रंग व दिशेनुसार होणारा रंगबदल, द्विअपवर्तन, विलोपनाचा कोन, लांबीच्या दिशेचे चिन्ह आणि अपवर्तनांक हे सर्व गुणधर्म जुळल्यावरच ओळख निश्चित केली जाते. क्रायसोटाइलसाठी साधारणतः १.५५० अपवर्तनांकाचा, तर क्रोसिडोलाइटसाठी १.७०० अपवर्तनांकाचा द्रव वापरतात. द्रव व तंतू यांचे अपवर्तनांक जवळपास सारखे असल्यास अपस्करण रंजन या तंत्राने तंतूच्या कडेला वैशिष्ट्यपूर्ण रंग दिसतात. लांबीच्या दिशेचे चिन्ह क्रोसिडोलाइटमध्ये ऋण, तर इतर प्रकारांत सामान्यतः धन असते.

प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला मर्यादा आहे. क्रायसोटाइलच्या एकेका सूक्ष्मतंतूचा व्यास केवळ २० ते ४० नॅनोमीटर असतो. असे सुटे तंतू दृश्य प्रकाशात दिसू शकत नाहीत. जुन्या व्हिनाइल फरशांत तंतू बारीक दळलेले असल्याने ध्रुवित प्रकाशात ते आढळले नाहीत, तरी पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुन्हा तपासणी करावी लागते. क्ष-किरण विवर्तनाने खनिजाचा प्रकार व प्रमाण कळण्यास मदत होते; पण खनिज तंतुमय आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. आयएसओ २२२६२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१२ ते २०१६ या काळात प्रसिद्ध झालेल्या तीन भागांत या पद्धतींचे वर्णन आहे.

चुकांची कारणे

ॲस्बेस्टॉस नसताना ते असल्याचा भास निर्माण करणारे अनेक तंतू इमारत साहित्यात आढळतात. पॉलिइथिलीनचे तंतू, चामड्याचा भुगा, कुजलेल्या पानांचे तंतू व कोळ्याचे जाळे यांचे काही प्रकाशीय गुणधर्म क्रायसोटाइलशी मिळतेजुळते असतात. व्होलास्टोनाइट व तंतुमय शंखजिरे यांची गल्लत अँफिबोल खनिजांशी होऊ शकते. काचतंतू मात्र समदैशिक असल्याने परस्परांना लंब असलेल्या ध्रुवकांमध्ये काळे दिसतात व सहज वगळता येतात.

ॲस्बेस्टॉस असूनही न सापडण्याची कारणे वेगळी असतात. सिमेंट किंवा चुन्याचा लेप तंतूंवर चिकटलेला असल्यास त्यांचे गुणधर्म झाकले जातात. तो काढण्यासाठी विरल आम्ल वापरतात, परंतु आम्लात जास्त वेळ राहिल्यास क्रायसोटाइल स्वतःच विघटित होऊ लागते. डांबर किंवा प्लास्टिकमधील तंतू मोकळे करण्यासाठी नमुना भट्टीत तापवितात. तापमान अधिक झाल्यास तंतूंचा रंग व अपवर्तनांक बदलतो. आगीत सापडलेल्या किंवा बॉयलरजवळच्या साहित्यात असा बदल आधीच झालेला असू शकतो. म्हणजेच तंतू दिसावेत म्हणून केलेली पूर्वप्रक्रियाच त्यांची ओळख पुसू शकते. त्यामुळे आम्लाची संहती, वेळ व तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवून त्यांची नोंद केली जाते.

तापमानाचा परिणाम अपवर्तनांक द्रवांवरही होतो. त्यांचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसमागे साधारणतः ०.०००४ ने कमी होतो. २५ अंशांना अंशशोधित केलेला द्रव महाराष्ट्रातील उन्हाळ्यात ३५ अंश तापमानाच्या खोलीत वापरल्यास त्यात सुमारे ०.००४ चा फरक पडतो व अपस्करण रंगांची छटा बदलते. हे टाळण्यासाठी खोलीचे तापमान नियंत्रित ठेवतात किंवा तापमान नोंदवून दुरुस्ती करतात.

अंतर्गत गुणवत्ता नियंत्रण

प्रयोगशाळेच्या दैनंदिन कामात पुढील नियंत्रणे अंतर्भूत असतात.

उपकरणांची तपासणी : दररोज काम सुरू करण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाची प्रकाशयोजना, ध्रुवकांची लंबता व फिरत्या मंचाचे केंद्र तपासले जाते. अपवर्तनांक द्रव ठरावीक कालावधीने प्रमाणित काचेच्या कणांशी किंवा अपवर्तनांकमापीने पडताळले जातात.

संदर्भ द्रव्ये : विश्लेषक ज्ञात ॲस्बेस्टॉसचे तंतू नियमितपणे पाहून आपल्या निरीक्षणाची तुलना करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने क्रायसोटाइल, ॲमोसाइट व क्रोसिडोलाइट यांच्यासाठी एसआरएम १८६६ आणि अँथोफिलाइट, ट्रेमोलाइट व ॲक्टिनोलाइट यांच्यासाठी एसआरएम १८६७ ही संदर्भ द्रव्ये तयार केली.

कोरे नमुने : ॲस्बेस्टॉसविरहित असल्याची खात्री असलेला पदार्थ नेहमीच्याच चिमट्याने, खलाने व द्रवाने हाताळून तपासला जातो. त्यात ॲस्बेस्टॉस आढळल्यास अवजारे, काचपट्ट्या किंवा द्रवाची बाटली दूषित झाल्याचे कळते. ज्या नमुन्यात एक-दोनच तंतू सापडतात, त्याचा निष्कर्ष अशा कोऱ्या नमुन्याशिवाय ग्राह्य धरता येत नाही.

पुनर्परीक्षण : आधी तपासलेल्या नमुन्यांपैकी काही नमुने यादृच्छिकपणे निवडून त्याच विश्लेषकाकडे व दुसऱ्या विश्लेषकाकडे नव्या क्रमांकाने दिले जातात. पूर्वीचा निष्कर्ष त्यांना कळू न देणे महत्त्वाचे असते. अन्यथा पडताळणी ही केवळ औपचारिक संमती ठरते. ‘आढळले नाही’ असा निष्कर्ष दिलेल्या नमुन्यांचा या निवडीत पुरेसा समावेश असावा लागतो, कारण सुटलेले ॲस्बेस्टॉस तेथेच दडलेले असते.

कामाचा भार : सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण थकविणारे असल्याने एका विश्लेषकाने दिवसभरात तपासावयाच्या नमुन्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते.

दोन निष्कर्षांत विसंगती आढळल्यास संबंधित नमुन्याचा अहवाल दुरुस्त करणे पुरेसे नसते. त्या कारणामुळे बाधित होऊ शकणारे इतर नमुने शोधून पुन्हा तपासावे लागतात व ग्राहकांना कळवावे लागते.

प्रमाण मोजण्यातील अनिश्चितता

साहित्यात ॲस्बेस्टॉस किती आहे, हा प्रश्न कायदेशीरदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत एक टक्क्याहून अधिक ॲस्बेस्टॉस असलेले साहित्य नियमांच्या कक्षेत येते, तर जपानने २००६ पासून ०.१ टक्क्याची मर्यादा स्वीकारली. डोळ्यांच्या अंदाजाने कमी प्रमाण अचूक सांगता येत नाही. म्हणून बिंदुगणना पद्धतीत सूक्ष्मदर्शकाच्या क्षेत्रातील ४०० बिंदू तपासून त्यांपैकी किती बिंदूंवर ॲस्बेस्टॉस आले, हे मोजतात. चार बिंदू आल्यास प्रमाण एक टक्का होते.

या मोजणीतील अनिश्चितता प्वासाँ वितरणाने काढता येते. खरे प्रमाण एक टक्का असताना सरासरी चार बिंदू अपेक्षित असले, तरी प्रत्यक्षात एक ते आठ बिंदू येणे स्वाभाविक आहे. म्हणजे निष्कर्ष ०.२५ ते २ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. खरे प्रमाण ०.२५ टक्का असल्यास ४०० पैकी एकही बिंदू न येण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के असते. ही संभाव्यता पाच टक्क्यांपर्यंत खाली आणण्यासाठी सुमारे १,२०० बिंदू मोजावे लागतात. शिवाय बिंदुगणनेने मिळणारा वाटा क्षेत्रफळाचा असतो, वजनाचा नसतो. याच कारणाने शून्य बिंदू आलेल्या नमुन्याला ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे.

बाह्य मूल्यमापन व अधिस्वीकृती

सर्व विश्लेषकांना एकाच पद्धतीने चुकीचे शिकविले गेले असेल, तर अंतर्गत पडताळणीत ती चूक दिसत नाही. त्यासाठी प्रावीण्य चाचण्या घेतल्या जातात. त्यांत आयोजक संस्था अनेक प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठविते व त्यांच्या उत्तरांची आधीच निश्चित केलेल्या घटकांशी तुलना करते. अशा योजनांसाठी आयएसओ/आयईसी १७०४३ हे मानक आहे.

अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने इमारत साहित्याच्या परीक्षणाची तात्पुरती पद्धत १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. शाळांतील ॲस्बेस्टॉसविषयीच्या १९८६ च्या कायद्याने प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देण्याची व्यवस्था उभारण्याचा आदेश दिला आणि १९९३ मध्ये सुधारित परीक्षणपद्धती आली. ब्रिटनमध्ये २००५ साली विश्लेषकांसाठी एचएसजी २४८ ही एकत्रित मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिची दुसरी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली.

प्रयोगशाळांच्या सर्वसाधारण क्षमतेसाठी आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक असून त्याची प्रचलित आवृत्ती २०१७ ची आहे. भारतात या मानकानुसार अधिस्वीकृती देण्याचे काम राष्ट्रीय परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळा अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे एनएबीएल, करते. ही अधिस्वीकृती संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट लागू नसते. ती विशिष्ट पदार्थ व विशिष्ट परीक्षणपद्धतीपुरती असते. सिमेंटच्या ताकदीच्या परीक्षणासाठी अधिस्वीकृती असलेली प्रयोगशाळा ॲस्बेस्टॉस ओळखण्यासाठीही अधिस्वीकृत आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही. त्यामुळे नमुना पाठविण्यापूर्वी अधिस्वीकृतीची व्याप्ती पाहणे आवश्यक ठरते.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

भारतात ॲस्बेस्टॉस मोजण्याची परंपरा प्रामुख्याने कारखान्यांतील हवेच्या परीक्षणातून विकसित झाली. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, लखनौ येथील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आणि मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्था यांचे कार्य या क्षेत्राशी संबंधित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिलेल्या निकालात, ॲस्बेस्टॉस तंतूंच्या शोधासाठी सर्व कारखान्यांनी पटल-गाळणी चाचणी अवलंबावी, तसेच कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी नंतर संपेल तोपर्यंत जतन कराव्यात, असे निर्देश दिले. या चाचणीत ठरावीक आकारमानाची हवा गाळणीतून ओढून तीवरील तंतू मोजले जातात.

हवेचे परीक्षण व साहित्याचे परीक्षण ही दोन भिन्न कामे आहेत. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाने केलेल्या हवेच्या परीक्षणात ठरावीक लांबी-रुंदीचे सर्व तंतू मोजले जातात, मग ते कशाचेही असोत. साहित्याच्या परीक्षणात तंतूचे खनिज ओळखावे लागते. एका परीक्षणाचा निष्कर्ष दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

भारतात क्रायसोटाइलयुक्त सिमेंट पत्र्यांच्या उत्पादनावर संपूर्ण बंदी नाही. रॉटरडॅम कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात अँफिबोल गटातील पाचही प्रकारांचा समावेश असला, तरी एकमत न झाल्याने क्रायसोटाइल त्याबाहेर राहिले आहे. ज्या देशांत ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे, तेथे जुन्या इमारतींपुरती ही समस्या सीमित मानली जाते; परंतु तेथेही चुका घडतात. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून संपूर्ण बंदी असताना पर्थ येथील बांधकामाधीन बालरुग्णालयाच्या छतासाठी आयात केलेल्या पट्ट्यांत २०१६ मध्ये ॲस्बेस्टॉस आढळले. भारतात जुने व नवे, ॲस्बेस्टॉसयुक्त व ॲस्बेस्टॉसविरहित पत्रे एकाच वेळी वापरात असल्याने विश्वासार्ह परीक्षणाची गरज अधिक आहे.

कर्जतसारख्या ठिकाणाहून नमुना दूरच्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठविला जातो, तेव्हा नमुना घेणारा व विश्लेषक यांची भेट होत नाही. छत किती जुने आहे, पत्रे एकाच वेळी बसविले की वादळानंतर टप्प्याटप्प्याने बदलले, ही माहिती लेखी नोंदीतूनच विश्लेषकापर्यंत पोहोचते. एकाच छपरावर वेगवेगळ्या काळांतील पत्रे असल्यास प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र नमुना घ्यावा लागतो. एका पत्र्याच्या निष्कर्षावरून संपूर्ण छपराविषयी विधान करता येत नाही.

अहवाल व त्याचे वाचन

चांगल्या अहवालात नमुन्याचा क्रमांक व वर्णन, वापरलेली पद्धत, पूर्वप्रक्रिया, आढळलेला ॲस्बेस्टॉसचा प्रकार, प्रमाण दिले असल्यास त्याची अनिश्चितता, शोधन मर्यादा आणि परीक्षण अधिस्वीकृतीच्या व्याप्तीत येते की नाही, याचा उल्लेख असतो. ॲस्बेस्टॉस न सापडल्यास ‘या पद्धतीने या नमुन्यात आढळले नाही’ अशी शब्दयोजना केली जाते. ती विश्लेषकाने जबाबदारी टाळण्यासाठी केलेली नसते. परीक्षणाने नेमके काय सिद्ध झाले, एवढेच ती सांगते.

गुणवत्ता नियंत्रणाने चुकांची शक्यता पूर्णपणे नाहीशी होत नाही. ती कमी होते आणि उरलेली शक्यता किती, हे कळते. निष्कर्ष अनिश्चित असल्यास किंवा परीक्षण करणे शक्य नसल्यास साहित्यात ॲस्बेस्टॉस आहे असे गृहीत धरून ते न कापता, न फोडता व कोरडे न घासता हाताळणे, हा सावधगिरीचा सर्वमान्य नियम आहे.